वहिनी, तुम्ही फक्त खेळा!

"वहिनी, रविवारी दुपारी मोकळ्या आहात ना?" भाऊजींनी असं लाडीगोडीनं विचारलं, की समजावं, काहीतरी काम आहे!

पण हे काम निराळंच निघालं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत काढला. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि अवघड प्रसंगी वीस बाजूंचा फासा टाकतात. भाऊजींनी त्या धर्तीवर नवशिक्यांसाठी मराठीत एक कथानक लिहिलं होतं. ज्यांना खेळाचा गंधही नाही, अशांकडून ते आधी खेळवून पाहायचं होतं. म्हणजे आम्ही!

जेवणं आटोपली. मी वैदू झाले, माझी लेक तिरंदाज आणि सासूबाई चक्क चोर! पडक्या गढीत अडकलेल्या मुलाला सोडवायचं होतं. शेवटच्या दाराला कुलूप. फाशावर पंधरा किंवा जास्त पडले तरच उघडणार, आणि प्रत्येकीला एकच संधी. वीसांपैकी सहाच आकडे उपयोगाचे! मला पडले चार, लेकीला नऊ, सासूबाईंना तेरा. संपलं! मुलगा आत, आम्ही बाहेर.

"अहो, चोराच्या हत्यारांचे दोन मिळवायचे! कागदावर लिहिलंय," भाऊजी वैतागले. "तुमचं लक्षच नाही!"

कागदाच्या कोपऱ्यात होतं, 'ह. +२'. सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलं, पान नंबर दोन!"

सगळे हसले. मला मात्र हसू येईना. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. 'लक्ष नाही' हाच शेरा मी आठवड्यापूर्वी सातवीतल्या एका मुलीच्या वहीवर लाल शाईनं मारला होता. त्यानंतर तिनं वर्गात एकदाही हात वर केला नव्हता.

सोमवारी वही मागून घेतली. माझा प्रश्न होता, 'वाक्याचा काळ बदला.' मला हवा होता भूतकाळ, तिनं केला भविष्यकाळ. कोणता काळ, हे फक्त माझ्या डोक्यात होतं! मी शेरा खोडला, पूर्ण गुण दिले आणि चूक माझी होती, असं वर्गात सांगितलं. ती काही बोलली नाही. पण चौथ्या तासाला तिचा हात अर्धाच का होईना, वर आला.

भाऊजींनीही कागदावर 'हत्यारांचे २ मिळवा' असं स्वच्छ लिहिलं. पुढच्या रविवारी शेजारणींना बसवलं आणि समजावण्याचा मोह आवरून, त्या कुठे अडतात एवढंच टिपत राहिले.

मैत्रिणींनो, तुम्हीही एखादी पाककृती लिहिलीत, तर ती दुसरीला करायला द्या आणि ओट्याशी गप्प उभ्या राहा. 'अंदाजाने मीठ' म्हणजे नक्की किती, ते तेव्हाच कळेल!