पाटसच्या पुढें

आत्मचरित्रें वाचावयास बसलों म्हणजे मला नेहमीं एक अडचण भासते. धर्मांतराच्या प्रकरणापाशीं येऊन पोंचलों कीं लेखकाचा आवाज बदलतो. वीज चमकते, पडदा फाटतो आणि मनुष्य पार पालटून जातो. मी जन्मानेंच ख्रिस्ती. माझ्यासाठीं कोणताहि पडदा फाटला नाहीं. माझ्या श्रद्धेचा हिशेब मांडावयाचा झाला तर त्यांत भाकरी, मडकें, आगगाडी असल्या क्षुल्लक वस्तूच निघतील, आणि जमेपेक्षां खर्चाचीच बाजू मोठी दिसेल.

माझी आजी शिरूरची. जुनीं माणसें त्या गांवाला घोडनदीच म्हणत. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन मराठी मिशननें तेथें ठाणें घातलें, शाळा काढल्या. त्या शाळांच्या आधारानेंच आमचें घर उभें राहिलें. आजी दळणाला धान्य काढी तेव्हां पहिली मूठ एका निराळ्या मडक्यांत टाकी. ती देवळाची मूठ. रविवारीं तें मडकें देवळांत रितें होई. ज्या दिवशीं धान्य आम्हांलाच पुरावयाचें नाहीं, त्या दिवशींहि मूठ पडे. ती किंचित् लहान असे इतकेंच. ती लहान आहे हें मडक्याला कळूं नये म्हणून कीं काय, त्या दिवशीं आजी तोंड फिरवून टाकी. याच गांवांत १८०९ सालीं वारलेल्या कर्नल वॉलेस नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याचें थडगें आहे. त्याला ‘सत्पुरुष’ मानून गांवचे हिंदु शेतकरी सुगीच्या वेळीं तेथें धान्याचा नैवेद्य नेत, असें जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. साहेबाच्या थडग्यापुढें त्यांचें धान्य आणि देवळांत आमचें. मुठी मात्र दोघांच्याहि एकाच मापाच्या असाव्यात.

वडील रेल्वेंत नोकरीस असल्यामुळें आम्ही दौंडास राहात असूं. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गाला मनमाडचा फांटा येथेंच फुटतो. नगरकडे जाणाऱ्या गाडीचें एंजिन एका टोंकाचें सोडवून दुसऱ्या टोंकाला जोडावें लागे, आणि तोंवर उतारू फलाटावर चहा घेत उभे राहात. धर्मांतर म्हणजे असेंच कांहींतरी असावें, असें मला लहानपणीं वाटे: डबे तेच, माणसें तींच, तोंड तेवढें उलट दिशेला.

१९७१ सालची गोष्ट. मी पुण्यास कॉलेजांत होतों. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, म्हणून तिला शिरूरहून एस. टी. नें दौंडास आणलें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळच्या पॅसेंजरनें मी तिला पुण्यास घेऊन निघालों. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत समोर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांचा पुतण्या माझ्याच कॉलेजांत असल्याचें निघालें आणि गप्पांना रंग चढला. त्यांनीं मला आपल्या घरीं जेवावयास यावयाचें आमंत्रणहि दिलें. मग सहज विचारावें तसें त्यांनीं विचारलें, “आडनांवावरून तुम्ही मराठेच कीं?”

मीं मान हलविली.

तोंडानें एक शब्दहि बोललों नाहीं, ही पळवाट मीं त्या क्षणींच शोधून ठेविली होती. पाटस गेलें. आजी खिडकीबाहेर पाहात होती. तिला बाहेरचें कांहीं दिसत नव्हतें, हें मला ठाऊक होतें.

केडगांवास गाडी थांबली. येथील मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें, आणि तेथील स्त्रियांनींच त्याचे खिळे जुळविले. बाई १९२२ सालीं वारल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ सालीं. केडगांव आलें कीं आजी हें सर्व सांगे. त्या दिवशीं तिनें कांहींच सांगितलें नाहीं. फडकें सोडलें, भाकरी मांडीवर ठेविली, डोळे मिटले आणि घरीं म्हणे तितक्याच मोठ्यानें तिनें अन्नाबद्दल प्रार्थना केली. शेवटीं प्रभु येशूचें नांव घेतलें. मग भाकरी मोडून पहिला तुकडा नेहमींप्रमाणें मला दिला.

त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरें झालें असतें. मला रागवावयास कारण मिळालें असतें. ते आजीकडे पाहातच नव्हते. ते माझ्याकडे पाहात होते. थोड्या वेळानें त्यांनीं आपल्या पिशवींतील दोन पेरू काढून आजीच्या पदरांत घातले, आणि पुण्यापर्यंत ते माझ्याशीं बोलले नाहींत.

१८९३ सालीं राजनांदगांवाकडे जातांना नारायण वामन टिळकांना आगगाडींत एक अनोळखी गोरा उतारू भेटला. त्यानें नवा करार त्यांच्या हातीं ठेविला, आणि १८९५ सालीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. रविवारच्या शाळेंत ही गोष्ट आम्हीं कितीदां तरी ऐकली होती. आगगाडींत मनुष्याला दुसऱ्याहि रीतीनें देव भेटूं शकतो, हें तेथें कोणी सांगितलें नव्हतें.

आजी त्याविषयीं कधींहि बोलली नाहीं. ती प्रार्थना तिनें मुद्दाम मोठ्यानें म्हटली कीं नेहमींच्या संवयीनें, हें मला आजतागायत उलगडलेलें नाहीं, आणि विचारण्याचें धैर्य तिच्या हयातींत मला झालें नाहीं.

शस्त्रक्रिया झाल्यावर तिला परत नेतांना डबा गच्च भरलेला होता. तिच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. गाडी थांबतांच तिनें विचारलें, “केडगांव का रे?” मीं होय म्हटलें. तिनें फडकें माझ्या मांडीवर ठेविलें. “आज तूं म्हण.”

मीं चोहोंकडे पाहिलें आणि पुटपुटत एकदांची प्रार्थना उरकली. आजी भाकरी हातांत धरून तशीच बसून राहिली.

“मला नाहीं ऐकूं आलें, बाळा. पुन्हां म्हण.”

आजीचे कान शेवटपर्यंत तीक्ष्ण होते.