किनाऱ्याकडे पाठ

आमच्या कसाऱ्याला समुद्र नाही. इथे लोकल संपते आणि घाट सुरू होतो. वर इगतपुरीला जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात, त्यांच्या आवाजात आम्ही लहानाचे मोठे झालो. पाणी म्हणाल तर तानसा, वैतरणा, भातसा ही धरणं आमच्याच शहापूर तालुक्याच्या आसपासची. पाणी जातं मुंबईला, आणि मे महिन्यात आमच्या पाड्यांवर टँकरची वाट बघितली जाते. म्हणून गेल्या डिसेंबरात त्या भल्यामोठ्या जहाजावर पाऊल ठेवलं आणि वरच्या मजल्यावर पोहण्याचा निळाशार तलाव दिसला, तेव्हा अम्मीच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "हे आपल्याकडचंच पाणी असणार बघ."

जहाजाचं प्रकरण भाईजानचं. तो कुवेतला असतो. अम्मीला सत्तर पूर्ण झाली म्हणून त्याने परस्पर मुंबई-गोवा क्रूझची तिकिटं काढली. अम्मी, मी, मुलांचे अब्बा आणि आमची दोन मुलं. तिकीट किती रुपयांचं हे अम्मीपासून लपवायचं ठरलं होतं. पण नातू कुणाचा? त्याने आकडा सांगून टाकला. अम्मी बराच वेळ गप्प बसली आणि मग मला एवढंच म्हणाली, "यात उमरा झाला असता ना गं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अम्मीच्या हजसाठी अब्बांनी पैसे साठवले होते, ते अब्बांच्याच आजारपणात गेले. मग आम्हा भावंडांची लग्नं, घरं, मुलांची शिक्षणं. दर वर्षी आम्ही म्हणायचो, पुढच्या वर्षी. मग तिचे गुडघे गेले आणि आम्हाला चांगली सबब मिळाली. सबबच म्हणते मी. व्हीलचेअरवर बसून हज करून आलेली माणसं आमच्याच नात्यात आहेत.

आमच्या घरात जहाज म्हणजे हजचंच जहाज. माझे नाना मोगल लाइनच्या जहाजाने मुंबईहून जिद्दाला गेले होते. आठवडाभराचा प्रवास. जाण्यापूर्वी मुसाफिरखान्यात मुक्काम, निरोपाला आलेलं अर्धं गाव, आणि यलमलमच्या जवळपास पोहोचायच्या आत जहाजावरच बांधायचा एहराम. नानांची पत्र्याची पेटी अजून आमच्या घरात आहे, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आहे. 1995 साली मुंबईहून हजचं शेवटचं जहाज गेलं आणि मग सगळे विमानाने जायला लागले. अम्मीला ते साल पाठ आहे. आपल्या नशिबी जहाज नाही, असं ती तेव्हापासून म्हणत आली होती.

आणि आता हे जहाज मिळालं, तर त्यावर कॅसिनो, नाचगाणी, आणि जेवणाच्या हॉलमध्ये "हे हलाल आहे का" असं विचारणारी मी. (दोन दिवस आम्ही भाजी, डाळ आणि आइस्क्रीमवर काढले. मुलांची तक्रार नव्हती.)

रात्री इशाच्या नमाजला पंचाईत झाली. किबला कुठे? मुलाने मोबाइलमधलं होकायंत्र काढलं, पण आजूबाजूच्या लोखंडामुळे असेल, त्याचा काटा भोवऱ्यासारखा फिरत होता. मुलांचे अब्बा रिसेप्शनवर विचारायला निघाले. तोवर अम्मी डेकवर जाऊन आली. "जहाज चाललंय खाली गोव्याकडे. किनाऱ्याचे दिवे डाव्या हाताला दिसतायत. किनाऱ्याकडे पाठ करायची आणि जरासं उजवीकडे वळायचं, झालं," असं म्हणून तिने खुर्ची तशी फिरवली आणि नियत बांधली. मी बीएड केलंय, मुलांना दिशा शिकवल्यात, नकाशे भरून घेतलेत. मला हे सुचलं नव्हतं.

सकाळी जहाज मुरगाव बंदराला लागलं. परत चढायची वेळ दुपारी चारची, आणि उशीर झाल्यास जहाज थांबणार नाही ही सूचना तीन तीनदा ऐकवलेली. जहाजवाल्यांच्या बसमध्ये चर्च, किनारा आणि खरेदी असा कार्यक्रम होता. मला मात्र फोंड्याची साफा मशीद बघायची होती, म्हणून आम्ही बाहेर पडून टॅक्सी केली.

वाटेत कुठ्ठाळी लागलं. टॅक्सीवाले काका पन्नाशीचे, मराठी छान बोलणारे. ते म्हणाले, "मंगेशी देवस्थान बघायला सगळे प्रियोळला जातात, पण देव मूळचा इथला, कुठ्ठाळीचा." मला हे वाचून माहीत होतं, पण त्या रस्त्यावरून जाताना ऐकणं वेगळं. 1560 साली गोव्यात पोर्तुगिजांनी इन्क्विझिशन सुरू केलं. त्याच्या आगेमागे देवळं पडत होती. मंगेशाचं लिंग भक्तांनी त्याच साली नदीपलीकडे हलवलं. पलीकडे म्हणजे फोंड्याच्या बाजूला, आणि फोंडा तेव्हा आदिलशाहीत होतं. आम्ही जी मशीद बघायला निघालो होतो, तिचंही साल 1560 च सांगतात. मी हे बोलले तसे काका आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे तुमची मशीद आणि आमचं देऊळ जोडीचंच की."

साफा मशीद बघून मुलं जरा हिरमुसली. त्यांना विजापूरसारखा घुमट हवा होता. इथे घुमट नाही. जांभ्या दगडाची एकच खोली, उंच जोत्यावर, आणि वर उतरतं कौलारू छप्पर. मला तर ती पाहताच कोकणातलं आमच्या खालाचं घर आठवलं. इथला पाऊस बघून इथल्याच गवंड्यांनी इथल्याच दगडात बांधलेली वाटते. भोवती तुटक्या अष्टकोनी खांबांचे बुंधे उभे आहेत. त्यावरून कधीकाळी केवढा पसारा असेल ते कळतं. या भागात अशा सत्तावीस मशिदी होत्या आणि ही एक उरली असं सांगतात. शेजारी मोठा हौद, चारी बाजूंनी पायऱ्या, आणि भिंतींमध्ये मेहराबीच्या आकाराच्या कमानी. पाणी हिरवं, शांत.

अम्मीने एका हाताने माझा खांदा धरला, दुसऱ्या हातात काठी, आणि ती हळूहळू जोत्यापर्यंत आली. मी इकडेतिकडे बघत होते, बायकांनी आत गेलेलं चालतं का हे कुणाला विचारावं म्हणून. विचारेपर्यंत अम्मीने बाटलीतल्या पाण्याने वजू केलाही होता. आत गेली नाही. जोत्याच्या कडेला, एका तुटक्या खांबाला टेकून बसली आणि बसल्या बसल्या दोन रकात पढली. कुणी काही म्हटलं नाही. मुलांचे अब्बा घड्याळ बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते.

जुन्या गोव्याला पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. गर्दी सगळी बॉम जेझूस बॅसिलिकाकडे होती. आम्ही तिथे आत जाऊन आलो, पण मला जायचं होतं सेंट काजेतानच्या चर्चजवळ. तिथे आदिलशहाच्या वाड्याचं दार उभं आहे. दार म्हणजे काळ्या दगडाचे दोन खांब, वर आडवा दगड, बाजूला जाळीचे तुकडे. बाकी वाडा नाही. 25 नोव्हेंबर 1510 ला अल्बुकर्कने हे शहर घेतलं आणि इथल्या मुसलमानांची, बायकामुलांसकट, कत्तल केली. त्याने ते स्वतः आपल्या राजाला कळवलंय. मी हे मुलांना सांगितलं. वर्गातही सांगते, आणि सांगताना माझा आवाज खणखणीत असतो.

मग आम्ही सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्याकडे गेलो. पडक्या चर्चचा हा मनोरा तब्बल 46 मीटर उंच होता, आता अर्धाच उभा आहे. खाली भिंतींचे अवशेष आणि जमिनीत कोरलेले थडग्यांचे दगड. इथे जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीची हाडं सापडली. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून खात्री केली गेली, आणि 2021 साली भारत सरकारने ते अवशेष जॉर्जियाला दिले. तिथे ती संत मानली जाते. मुलीने विचारलं, "ती इथे कशी आली?"

"ती नाही आली. तिला शिराजमध्ये मारलं, 1624 साली. पाद्र्यांनी तिचे अवशेष इथे आणले."

"का मारलं?"

माझा आवाज इथे खणखणीत नव्हता, हे मला स्वतःलाच ऐकू आलं. क्षणभर वाटलं, सांगावं, राजकारण होतं, मोठी झालीस की वाच. वर्गात अशा ठिकाणी मी हेच करते. आज प्रामाणिकपणे लिहायचं तर करते. पण पोरगी माझ्याकडे बघत होती. म्हटलं, "इराणच्या शाह अब्बासने तिला इस्लाम कबूल कर म्हटलं. ती नाही म्हणाली. म्हणून हाल करून मारलं."

"पण आपल्यात तर जबरदस्ती नाही ना?"

"नाही. कुरआनात साफ लिहिलंय."

"मग त्याला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

ती त्या दगडांमधून पुढे चालत गेली. मागून अम्मी म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, आईने लपवलं."

परतताना मांडवीच्या काठावरची व्हाइसरॉयची कमान लागली. वर वास्को द गामाचा पुतळा. टॅक्सीत अम्मीला मी गुलबदन बेगमची हकीकत सांगितली. बाबराची मुलगी, अकबराची आत्या, पन्नाशी ओलांडल्यावर हजला निघाली. तेव्हा या समुद्रात पोर्तुगिजांच्या परवान्याशिवाय जहाज हाकता येत नसे, कार्ताझ म्हणत त्याला. मोगलांच्या हजच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे, आणि त्यावर मरियम आणि ईसा यांची चित्रं असत. म्हणून काही उलेमांनी या परवान्यावर हज करावा की नाही असा वाद घातला होता. त्या परवान्यापायी बेगमला सुरतेला कितीतरी महिने अडकून पडावं लागलं. शेवटी 1576 साली जहाज सुटलं.

अम्मीने सगळं ऐकलं. "बादशहाची आत्या, आणि तिलाही कागदांनीच अडवलं," म्हणाली. थोड्या वेळाने, "पण गेली ना ती?"

"गेली. तिकडे तीनचार वर्षं राहिली आणि चार हज करून आली."

"मग."

आम्ही चारला वीस मिनिटं कमी असताना बंदरावर पोहोचलो. त्या रात्री अम्मीने नातवाला किबला शोधायला सांगितलं. जहाज आता उलट निघालं होतं. तो डेकवर गेला, दिवे उजव्या हाताला बघितले आणि खुर्ची बरोबर फिरवली.

मुंबईहून कसारा लोकलमध्ये बसलो तेव्हा नशिबाने खिडकी मिळाली. आसनगाव जवळ आलं तशी मी मुलांना माहुलीचे सुळके दाखवले. 1636 साली याच किल्ल्यावर शहाजीराजांना मोगलांनी आणि आदिलशाहीच्या रणदुल्लाखानाने वेढलं होतं, आणि किल्ला सोडल्यावर राजे त्याच आदिलशाहीच्या चाकरीत गेले. मुलगा म्हणाला, "अम्मी, पुरे आता." बरोबर होतं त्याचं.

घरी अम्मीने नानांची पेटी उघडायला लावली. आत तांदूळ असतो आमच्याकडे. तिने जहाजाच्या खोलीची प्लॅस्टिकची किल्ली, ते कार्ड, रुमालात गुंडाळून झाकणाच्या आतल्या खणात ठेवलं. मग म्हणाली, "जहाज बघून झालं. आता विमान."

भाईजानशी बोलणं झालंय. पैसे आम्ही निम्मे निम्मे घालणार आहोत. सध्या अडलंय ते पासपोर्टपाशी. अम्मीचं नाव रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं, आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच आहे. गेले तीन आठवडे मी शाळा सुटली की त्यामागे फिरतेय. येत्या सोमवारी प्रतिज्ञापत्र करायला पुन्हा शहापूरला जायचंय.