इंजिन, पूल आणि फुकटचा सिनेमा



सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना इथे दाखवायचं काय, हा आपला सगळ्यांचा प्रश्न. आमचे बाबा भुसावळला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, पुढे ड्रायव्हर. आता कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे टीव्हीचा राग. त्यांना मी बस्टर कीटनचा 'द जनरल' लावून दिला. अमेरिकन यादवी युद्धात चोरलेलं इंजिन परत आणायची गोष्ट. 1926 साली आमच्या ओरेगनमध्येच, कॉटेज ग्रोव्हजवळ शूटिंग झालं.

कीटन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो आणि इंजिन सुरू होतं, तिथे बाबा ओरडलेच, "अरे, चाक स्लिप झालं असतं तर मेला असता ना!" आम्ही बाकीचे नुसते हसत होतो. जळत्या पुलावरून खरंखुरं इंजिन नदीत कोसळतं तेव्हा मात्र ते गप्प झाले. (ते धूड दुसऱ्या महायुद्धापर्यंत नदीतच पडून होतं, मग भंगारात गेलं.)

हा सिनेमा सगळ्या आजी-आजोबांना हॉलमध्ये दाखवावा असं ठरलं, आणि लगेच शंका निघाली: परवानगीचं काय? रास्त शंका. तर, तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात कॉपीराइट 28 वर्षांचा, पुढे हवा तर नूतनीकरण करायचं. 'जनरल'चं कुणी केलंच नाही, म्हणून 1950च्या दशकातच तो इथे मोकळा झाला. नूतनीकरण झालेल्या त्या काळच्या चित्रपटांना प्रदर्शनापासून 95 वर्षं धरतात.

खरी मेख संगीतात आहे. मूकपटाला आवाज नव्हता. डीव्हीडीवर ऐकू येतं ते बहुधा अलीकडे कुणीतरी रचून रेकॉर्ड केलेलं, आणि त्याचे हक्क शाबूत असतात. चित्र फुकट, वाजंत्री नाही!

म्हणून आवाज बंद ठेवायचा आणि आपणच वाजवायचं, मूकपटाच्या काळी थिएटरात वाजवत तसं. इंग्रजी पाट्यांच्या जागी मराठी पाट्या घालायलाही कुणाला विचारावं लागत नाही. अर्ध्याअधिक मी लिहिल्यात. 'लोकोमोटिव्ह'ला बाबांनी 'इंजिन'च ठेवायला लावलं.

तबलजी मिळालाय. पेटीवाला हवा आहे, गाडीचा ठेका धरता येणारा.