बिघाडाची चौकशी

जुनी मोटार बाळगणे हा काहींच्या लेखी छंद असतो, काहींच्या लेखी हट्ट, आणि घरातील मंडळींच्या लेखी तो बहुधा अंगणातील जागेचा प्रश्न असतो. माझ्याकडील प्रीमिअर पद्मिनी वडिलांनी १९८३ साली घेतली. त्यांच्या पश्चात ती माझ्याकडे आली आणि चालते आहे म्हणून राहिली. तिचे 'चालते असणे' यामागे जो व्याप आहे, तो गेल्या काही वर्षांत मला स्वतःला सांभाळावा लागला. त्याविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

या मोटारीचे कुळ इटलीच्या फियाटचे. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. पुढे उत्पादन थांबले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही निवृत्त झाली. मोटारी गेल्या तसे त्यांचे जाणकारही पांगले. आमच्या इंदुरात छावणी भागात एक वयोवृद्ध मिस्त्री होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. इंजिनाचा आवाज ऐकून ते दोष सांगत. त्यांची दृष्टी अधू झाली, दुकान बंद झाले, आणि मुलाने मोबाइल दुरुस्तीचा व्यवसाय धरला. त्यानंतर ज्या ज्या गॅरेजमध्ये गेलो तेथील तरुण कारागीर हुशार होते. पण कार्ब्युरेटर आणि पॉइंट ही त्यांच्यासाठी ऐकीव गोष्ट होती. निवृत्तीनंतर मी हातात पाना घेतला तो या निरुपायाने.

उस्तादांकडून मी जे शिकलो त्यात हातांच्या कौशल्याचा भाग थोडा. त्यांचे एकच वाक्य माझ्या कामी आले : "साहब, एक बार में एक चीज़।" बिघाड झाला की माणूस घाबरून प्लग बदलतो, कॉइल बदलतो, बॅटरीही नवी घेतो. मोटार सुरू झालीच, तर दोष नेमका कशात होता हे कधीच कळत नाही, आणि महिन्याभराने तोच दोष पुन्हा उभा राहतो. चौतीस वर्षे शासकीय सेवेत काढल्यावर हे मला चांगले उमगले. विभागीय चौकशीत सर्वच कर्मचाऱ्यांची एकदम बदली केली, तर दोषी कोण हे कागदावर कधीच येत नाही.

तेव्हा चौकशीचा क्रम ठरलेला असावा. जे पाहायला पैसे लागत नाहीत ते आधी, जे स्वस्त ते नंतर, आणि जे उघडायला खर्चाचे ते सर्वांत शेवटी. उदाहरणार्थ, सकाळी किल्ली फिरवली आणि सेल्फ फिरला नाही. अशा वेळी पुढचे दिवे लावून पुन्हा किल्ली फिरवावी. दिवे एकदम मालवले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. दिवे ठणठणीत राहिले आणि तरीही काही फिरले नाही, तर दोष सेल्फकडे जाणाऱ्या वाटेवर, म्हणजे स्विच किंवा तारांमध्ये शोधावा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचते. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ती धुवावी, टोके कोरडी करून घट्ट आवळावीत आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवावा. अर्थची तार प्रथम काढावी व शेवटी लावावी, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. घरी साधा मीटर असेल तर भरलेली बॅटरी विसाव्यात सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना आकडा १४ च्या आसपास गेला नाही, तर बॅटरी निर्दोष आहे. तिला भरणारे यंत्रच आळसावले आहे, असे समजावे.

सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही, अशा वेळी प्रश्न दोनच : ठिणगी पडते का, आणि पेट्रोल येते का. प्लग काढून त्याच्या टोपीत बसवावा, त्याचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवावे, रबरी मुठीच्या पकडीने धरून सेल्फ मारायला सांगावे. निळी, खणखणीत ठिणगी दिसली तर तो खटला निकालात निघाला. जवळपास पेट्रोल सांडलेले नाही, याची खात्री मात्र आधी करावी. प्लगचा रंगही बोलका असतो. फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. काळी काजळी धरली असेल तर पेट्रोल अधिक जात आहे. पांढराफटक पडला असेल तर मिश्रण पातळ किंवा इंजिन अति तापते आहे. ठिणगी दुबळी असेल तर डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडावे. पावसाळ्यात ते आतून दमट होते, कोरडे फडके पुरते. पॉइंट काळवंडले असतील तर बारीक पॉलिशपेपरने साफ करून त्यांतील फट फीलर गेजने मोजावी. ती अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी असते. डोळ्यांच्या अंदाजावर या वयात विसंबू नये.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. १९९४ च्या मे महिन्यात ओंकारेश्वरहून परतताना भेरू घाट चढता चढता आमची गाडी थांबली. टाकीत पेट्रोल, प्लगवर ठिणगी, तरी इंजिन निश्चल. वडिलांनी पंचा पाण्यात भिजवून इंजिनाशेजारच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर टाकला आणि आम्हाला झाडाखाली बसायला सांगितले. उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंपाला द्रव ओढता येत नाही. तो निवला की सारे पूर्ववत होते. वीस मिनिटांनी आम्ही निघालो. त्या जागी कोणी कार्ब्युरेटर उघडला असता, तर जे बिघडले नव्हते तेही बिघडले असते.

याच ऋतूत तापमानाचा काटा वर जातो. तेव्हा सर्वप्रथम हात आवरावा. तापलेल्या रेडिएटरची टोपी उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते आणि उसळून चेहरा भाजतो. इंजिन निवल्यावर पाण्याची पातळी पाहावी, फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. अर्ध्या इंचाहून फार अधिक दबला तर तो ढिला आहे. थर्मोस्टॅटचा संशय असेल तर तो काढून पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने लोंबकळत ठेवावा आणि पाणी तापवावे. उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी तो उघडायला हवा. स्वयंपाकघरातील पातेले मात्र जुने घ्यावे, हे अनुभवाने नव्हे, सौ.च्या सूचनेने सांगतो.

अलीकडे एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. जुन्या मोटारींतील रबर या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते, तडकते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सर्व रबरी नळ्या मी इथेनॉल सोसणाऱ्या नळ्यांनी बदलल्या, आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवणे बंद केले. ओघळलेले पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडले, तर काय होईल हे सांगायला नको. पेट्रोलचा वास आला की किल्ली न फिरवणे, हा आमच्या घरचा नियम आहे.

येथवर जे सांगितले त्यात चूक झाली तर गाडी फार तर सुरू होणार नाही. ब्रेकचे तसे नाही. पावलाखाली पेडल मऊ लागले म्हणजे नळ्यांत हवा शिरली असावी. तेलाची पातळी उतरू लागली म्हणजे कोठेतरी गळती आहे. ही निदाने मी करतो, दर रविवारी पातळी पाहतो, पण चाकातील सिलिंडर स्वतः उघडत नाही. मागच्या आसनावर माझी नात बसते. माझ्या हौसेची परीक्षा तिच्या जिवावर व्हावी, हे मला मान्य नाही. जुन्या मालवाहू गाड्यांचे ब्रेक करणारा एक कारागीर मी शोधला आहे. तो काम करतो आणि मी शेजारी उभा राहून पाहतो. तसेच, केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली मी कधीही जात नाही. सागवानी ठोकळे लावल्यावाचून खाली हातही घालत नाही.

आता मुख्य प्रश्न, जो घरात अधूनमधून निघतो : हे किती दिवस? २०२३ मध्ये नोंदणीचे नूतनीकरण केले तेव्हा पाच हजार रुपये शुल्क भरले. पूर्वी ते सहाशे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते दहा हजार झाले. पुढची पाळी २०२८ ची. चिरंजीवांचे म्हणणे, गाडी भंगारात द्यावी. त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. त्यासाठी एका वहीत मी दोन अटी लिहून ठेवल्या आहेत. तळाचा पत्रा गंजून त्याला जोड देणे अशक्य झाले, किंवा ब्रेकचे सुटे भाग खात्रीचे मिळेनासे झाले, तर गाडी रीतसर भंगार केंद्राकडे द्यायची. त्या दिवशी वडिलांची आठवण पुढे करून निर्णय फिरवायचा नाही, हेही तेथेच लिहिले आहे.

त्याच वहीत प्रत्येक दुरुस्तीची तारीख, दोष, काय तपासले आणि अखेर काय निघाले, याची नोंद आहे. पाने उलटली की एक गोष्ट दिसते. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक होते : सैल तार, साचलेली भुकटी, ओले झाकण. नात आता अकरा वर्षांची आहे. परवा तिने विचारले, "आजोबा, आधी दिवे लावून बघायचे ना?" मी तिला बॅटरीची टोके धुवायला शिकवले. गाडी तिच्या वाट्याला बहुधा येणार नाही. पण वही येईल.