सावलीची २७ मिनिटे

जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेल्या या सूर्यघड्याळावर दोन सेकंदांपर्यंतच्या खुणा आहेत. तरीही तेथील सावली आणि पाहुण्याच्या मनगटावरचे घड्याळ यांचा मेळ बसत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १० मिनिटांचा फरक पडतो, तर फेब्रुवारीच्या मध्यास ४१ मिनिटांचा. यंत्र चुकत नाही. ते जयपूरच्या आकाशातील सूर्याची वेळ सांगते. मनगटावर असते ८२.५ अंश पूर्व रेखांशाची प्रमाणवेळ. रेखांशाची २७ मिनिटे आणि वर्षभरातील सूर्यगतीचा चढउतार हिशेबात धरला, की दोन्ही वेळा जुळतात.

संगणकात असे दुभाष्याचे काम ड्रायव्हर करतो. मात्र तेथे प्रमाणरेषाच सरकत असते. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते, तिची अंतर्गत रचना बदलते आणि उपकरण तसूभरही न बदलता त्याचा ड्रायव्हर सुधारावा लागतो. सुधारलेला कोड कंपाइल झाला म्हणजे तो चालतोच असे नाही. ते उपकरण जवळ असलेला माणूसच सांगू शकतो.

असा माणूस उरत नाही, ही खरी अडचण. फ्लॉपी ड्राइव्हचेच पाहा. तिचा ड्रायव्हर सांभाळणाऱ्याकडे चालू स्थितीतील ड्राइव्ह राहिली नाही, आणि २०१९ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी तो ड्रायव्हर ‘अनाथ’ म्हणून नोंदवला. तो लगेच काढूनही टाकता येईना, कारण आभासी संगणक अजून फ्लॉपीचे सोंग वठवतात, आणि न तपासलेल्या कोडमधील चूक तेथे घुसखोराला वाट देऊ शकते. पुढे एका स्वयंसेवकाने तो दत्तक घेतला. ३८६ प्रोसेसरला हे भाग्य लाभले नाही. ज्या जातीच्या यंत्रावर १९९१ साली लिनक्स जन्मला, तिचाच आधार २०१२च्या डिसेंबरात काढण्यात आला. त्यात निष्ठुरपणा शोधण्याचे कारण नाही. पण एखाद्या प्रयोगशाळेतील धडधाकट उपकरण ड्रायव्हरअभावी जुन्या, असुरक्षित कर्नलला जखडून पडते, तेव्हा त्याची किंमत तेथील विद्यार्थी मोजतात.

जयपूरची यंत्रेही १९०१च्या सुमारास मोडकळीस आली होती. चुना आणि दगड मिळण्यासारखे होते. खुणांचा अर्थ लावणारा हवा होता. लेफ्टनंट गॅरेट यांच्या मदतीला आले चंद्रधर शर्मा गुलेरी, तेव्हा विशीही न गाठलेले. पुढे ‘उसने कहा था’ ही कथा लिहिणारे गुलेरी ते हेच. दुरुस्तीनंतर दोघांनी वेधशाळेवर इंग्रजीत एक ग्रंथही लिहून ठेवला.