मी ज्याला सल्ला म्हणत होते

बारावीचा निकाल लागला की इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायला मुलं माझ्याकडे येतात. मी कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवते. शिकवलेल्या मुलांचा आपल्यावर विश्वास असतो, आणि त्या विश्वासाच्या जोरावर मी वर्षानुवर्षं एक वाक्य ठामपणे बोलत आले. "टेक्स्टाइल टाकू नकोस. शेवटच्या नंबरलासुद्धा नको." कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "तो धंदा संपलाय." पुरावा कुणी मागितला नाही. मागितला असता तर माझ्याकडे एकच होता, आणि तो १९८२ सालचा होता.

माझे वडील मुंबईत लालबागमधल्या एका गिरणीत साचेखात्यात होते. गिरणीत मागाला साचा म्हणत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आमच्या घरात त्याचं काय झालं ते सांगते. आधी आईच्या पाटल्या गेल्या. मग ती चाळीतल्या एकट्या पुरुषांना डबे देऊ लागली. मग वडील एका सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला उभे राहू लागले. गिरणीचा विषय निघाला की ते उठून गॅलरीत जात. त्या घरातून मी एक गोष्ट पक्की शिकून बाहेर पडले: कापडाच्या वाटेला जायचं नाही.

लहान मुलीने असा अर्थ काढला यात गैर काही नव्हतं. पण पुढे मी एम.एस्सी. झाले, तपासल्याशिवाय विधान करू नका असं वर्गात सांगू लागले, आणि हे एक विधान मात्र कधी तपासलं नाही. त्याला मी अनुभव म्हणत होते. ती भीती होती, आणि ती मी दुसऱ्यांच्या मुलांच्या फॉर्ममध्ये भरत होते.

तपासायला लांब जावं लागलं नसतं. इचलकरंजी माझ्या घरापासून तासाभरावर आहे. १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग आला. मुंबईच्या गिरण्यांमधलं विणकाम पुढे ज्या गावांकडे सरकलं त्यांत भिवंडी आणि मालेगावच्या जोडीने हेही गाव होतं. आणि ज्या १९८२ साली आमची चूल मंदावली, त्याच साली इचलकरंजीत डीकेटीई या संस्थेचं टेक्स्टाइल इंजिनिअरिंगचं कॉलेज सुरू झालं. हे मला माहीत होतं. दोन्ही घटनांचं साल एकच आहे हे मात्र कधी जाणवलं नव्हतं. त्याच्याही आधीचं सांगायचं तर मुंबईतलं, माटुंग्याचं व्हीजेटीआय कॉलेज. १८८७ मध्ये ते सुरू झालं ते मुख्यतः गिरण्यांना लागणारी तंत्रज्ञ माणसं तयार करायला. लालबागहून ते किती लांब? आमच्या चाळीतला कुणी तिथे जाऊन कापडाचं शास्त्र शिकू शकतो, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कापड आमच्यासाठी हाताचं काम होतं. डोक्याचं काम दुसऱ्याच कुणाचं होतं.

माझ्या भावाच्या मुलीने माझं ऐकलं नाही. तिला कॅपमध्ये इचलकरंजीला टेक्स्टाइल मिळालं आणि तिने ते घेतलं. मी स्वतःची समजूत घातली की डिग्री कुठलीही असो, शेवटी आयटीत जाईल. पण शेवटच्या वर्षाला ती म्हणाली, "आत्या, मी गेट देतेय. टेक्स्टाइलचाच पेपर. एम.टेक. करायचंय." मी तिला काय म्हटलं ते इथे जसंच्या तसं लिहिते, कारण ते लपवलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "एकदा खड्ड्यात पडलीस, आता तिथेच घर बांधणार का?" ती काही बोलली नाही. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला होता, आणि तरी मी एमबीएच्या प्रवेश परीक्षांची माहिती सांगत राहिले.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका रविवारी ती घरी आली होती. मी जुनी सुती साडी नेसले होते, पदराची कड विरली होती. तिने त्यातला वीतभर धागा ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, "तोड." मी ओढला. बोटात रुतला, पण लगेच तुटेना. मग तिने तो आपल्या हातात घेतला, दोन टोकं चिमटीत धरून उलट दिशेने फिरवत राहिली आणि हलकेच हात लांब केले. धागा मधून सुटला. तुटला नाही, सुटला. दोन्ही टोकांना कापसाचे बारीक तंतू मोकळे दिसत होते, आणि त्यातला एकही तुटलेला नव्हता.

"कापसाचा तंतू तीन सेंटिमीटरच्या आसपास असतो," ती म्हणाली. "यात गोंद नाही, गाठ नाही. मग तुझी साडी साडेपाच मीटर लांब कशी राहते?"

"घर्षण," मी शिक्षिकेच्या सवयीने लगेच म्हटलं.

"घर्षण तर आत्ताही होतं. मग सुटला का?"

मला उत्तर आलं नाही. आणि खरं सांगते, मला आधी रागच आला. घर्षण हा धडा मी किती वर्षं शिकवतेय. उतरणीवरचे ठोकळे, सहगुणक, लंब दिशेचा दाब, सगळं तोंडपाठ. ज्या वस्तूने मी जन्मभर अंग झाकलं तिला हे नियम कधी लावून पाहिले नाहीत. तिने शांतपणे सांगितलं: पीळ दिलेला धागा ओढला की तिरके गेलेले तंतू एकमेकांना आत दाबतात, दाब वाढला की घर्षण वाढतं, आणि म्हणून जितकं ओढाल तितकं ते एकमेकांना घट्ट धरतात. पीळ काढला की तो दाबच उरत नाही. मग तिने दुसरा धागा काढला आणि पुन्हा माझ्याच हातात दिला. मी सावकाश पीळ काढत गेले आणि तो कुठल्या क्षणी सुटतो ते बघत राहिले. पुन्हा एक काढला. पदराची कड आणखी विरली.

त्या रात्री मी वाचायला बसले. हा प्रश्न गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात मांडला आहे: आखूड तंतूंचा एवढा लांब दोर होतो कसा? गॅलिलिओ मी शिकवते, पण घसरणाऱ्या आणि पडणाऱ्या वस्तूंपुरता. आणि २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी, वॉरन, बॉल आणि गोल्डस्टीन यांनी, 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये याच प्रश्नावर निबंध लिहिला. घर्षणाने एक मर्यादा ओलांडली की सुट्या तंतूंचा पुंजका एकसंध धाग्यासारखा ताण पेलू लागतो, असं गणित त्यांनी मांडलं आहे. गॅलिलिओपासून आजपर्यंत ज्या प्रश्नावर माणसं विचार करताहेत, त्या विषयाला मी खड्डा म्हटलं होतं. माझ्या वडिलांच्या हातून हा धागा रोज जात होता. त्यांच्या कामात विचार करण्यासारखं काही होतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. ते इतक्या उशिरा वाटलं याचा संकोच अजून गेलेला नाही.

मग मी तिला म्हटलं, मला दाखव. तिने मला एका कारखान्यात एअरजेट माग दाखवले. तिथे धागा इकडून तिकडे नेणारा धोटा नाही. दाबलेल्या हवेच्या झोताने बाण्याचा आडवा धागा आरपार जातो, मिनिटाला ६००-७०० वेळा. दोन मीटर रुंदीचं कापड धरलं तर मिनिटाला बाराशे ते चौदाशे मीटर धागा. ताण जरा चुकला की धागा तुटतो आणि माग थांबतो. म्हणून ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ किती, हवेत दमटपणा किती, सुतात कमजोर जागा किती, याचा हिशेब. जवळच्याच गल्लीत साधे माग खडखडत होते. तिथले कित्येक खर्चीवाले, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारे मागवाले, पिकावर (बाण्याच्या फेऱ्यांवर) मिळणाऱ्या मजुरीत वीजबिलाची तोंडमिळवणी करताना थकलेत, काहींनी माग भंगारात वजनावर विकलेत. हेही तिनेच दाखवलं. तिला काही लपवायचं नव्हतं.

नोकरीचं विचारताना या खेपेला मी आधी ऐकून घेतलं. साध्या कापडाच्या कारखान्यात पदवीधराला सुरुवातीला मिळणारा पगार संगणक शाखेच्या मुलांच्या मानाने कमीच असतो, पाळ्या असतात, आणि छोटा कारखानदार इंजिनिअरवर खर्च करायला तयार नसतो. तिला एम.टेक. हवं होतं ते याचसाठी. कापड मीटरवर विकणाऱ्यांच्या पुढे एक वेगळं जग आहे: रस्त्याच्या मातीखाली घालायचं जिओटेक्स्टाइल, शस्त्रक्रियेचे गाऊन, गाळणीची कापडं, अग्निरोधक कपडे. वाईला कारखाना असलेली गरवारे टेक्निकल फायबर्स सॅमन माशांच्या शेतीसाठी जाळी बनवते. वाईत बनलेलं जाळं थंड समुद्रात जातं, हे मी इतकी वर्षं इथे राहून ऐकलं नव्हतं. केंद्र सरकारने २०२० मध्ये तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटींचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. त्याच वर्षी करोनात मास्कच्या मधल्या थराचं मेल्टब्लोन कापड मिळेना म्हणून सगळा देश धावला होता, तेव्हाही मी 'संपलेला धंदा' हे शब्द वापरतच होते.

तिचा कल मात्र रंगाई-धुलाईकडे आहे, म्हणजे पाण्याकडे. इचलकरंजीची पोरं पंचगंगा नदीचं दूषित पाणी बघत मोठी होतात, आणि ती तिथेच शिकली होती. प्रोसेस हाऊसच्या सांडपाण्याचं काय करायचं हा तिच्यासाठी पुस्तकातला प्रश्न नव्हता. त्यासाठी मुंबईचं आयसीटी हे रसायन तंत्रज्ञानाचं कॉलेज आहे. १९३३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालं तेव्हाही वस्त्ररसायन हा त्याचा मूळ विषय होता. विणकाम आणि तंतूंसाठी आयआयटी दिल्ली, तयार कपड्यांच्या उत्पादनाकडे जायचं तर निफ्टचा फॅशन टेक्नॉलॉजीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. बाहेर जायचं तर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट, जर्मनीत आखन किंवा ड्रेस्डेन. गेटमधून आलेल्याला एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये मिळतात. हे सगळं तिने शोधून ठेवलं होतं. माझ्यासारख्या मार्गदर्शक बाईला यातलं अर्धंही माहीत नव्हतं, आणि मी मार्गदर्शन करत होते.

वडिलांना मी घाबरत घाबरत सांगितलं. नात कापडातच पुढे शिकणार. ते आता खूप थकलेत, कमी बोलतात. मला वाटलं उठून जातील. त्यांनी नातीला विचारलं, "एका माणसाकडे किती साचे?" ती म्हणाली, एअरजेट असेल तर दहा-बारा, कुठे जास्तही. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि बाकीची माणसं?"

त्या प्रश्नाने माझा नवा उत्साहही जागेवर आला. मुंबईत १९२८ चा मोठा संप याच गोष्टीवरून पेटला होता, एका विणकराने जास्त साचे सांभाळायचे यावरून. शिलाईच्या कारखान्यात एका बाहीला किती सेकंद लागावेत हे ठरवणारी व्यक्तीही बऱ्याचदा टेक्स्टाइल शिकलेलीच असते, आणि त्या सेकंदांवर शिलाई करणाऱ्या बाईचा दिवस ठरतो. २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसं गेली, तीही जगाला स्वस्त कपडे पुरवणारीच होती. मी मत बदललं म्हणून या क्षेत्राची जाहिरात करणार नाही. भाची आजोबांना म्हणाली, "हे आम्हाला कुणी शिकवत नाही, पण तुम्ही विचारत राहा." तेव्हापासून ते विचारतात. फोनवर ते दोघं उन्हाळ्यात सूत का तुटतं, दमटपणा कसा ठेवायचे, जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा यावर बोलतात. गिरणीबद्दल वडिलांना सलग इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्या दुःखाला हात लावायचा नाही असं ठरवताना मी त्यांच्या कसबालाही हात लावला नव्हता.

माझ्या नकारामुळे ज्या मुलांनी दुसरं काही घेतलं त्यांचं नुकसान झालं का, हे मला मोजता येणार नाही. काही जणांचं छान चाललंय. पण नुकसान झालं नाही म्हणून माझं बोलणं बरोबर ठरत नाही. ज्याची मला माहिती नव्हती त्यावर मी निकाल दिला होता.

भाची आता आयसीटीत आहे, सांडपाण्यातला रंग काढण्यावर काम करते. परवा भावाचा फोन आला. एम.टेक. झाल्यावर हिला नोकरी कुठे लागेल, पगार किती असेल, तू सांग, तुला कळतं. मी म्हटलं, मला नाही कळत रे, तिलाच विचार, आणि विचारल्यावर मध्ये बोलू नकोस.