गवसणी

'आकाशाला गवसणी घालणे' हा वाक्प्रचार आला की मी वर्गात दरवर्षी विचारतो, गवसणी म्हणजे काय? बहुतेकांना ती मिठी वाटते. गवसणी म्हणजे वाद्याची कापडी खोळ. आमच्या घरी ती आईच्या मिरजेच्या तंबोऱ्यावर असे. जुन्या लुगड्याची, आत कापूस घालून टाचलेली.

१९९४ साली, मी बारा वर्षांचा असताना, रेल्वेच्या डब्यात तो तंबोरा माझ्या हवाली केलेला होता. मला डुलकी लागली. भोपळा आपटल्याचा तो कोरडा आवाज अजून कानात आहे. मिरजेच्या कारागिराने तडा असा सांधला की बोटालाही लागू नये. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले ते २०२४ साली; आमची खात्री तेव्हाच पटली होती. नाद बदलला का, हे आईने कधी सांगितले नाही, मी विचारले नाही.

आता तंबोरा भाचीकडे बेंगळुरूला जायचा आहे. तयार फायबरच्या पेट्या मिळतात, तरी लाकडी पेटी मीच करायला घेतली. सहा मिलिमीटरचे प्लायवूड, कोपऱ्यांना सागाच्या पट्ट्या, फेव्हिकॉल, स्क्रू. पहिला आराखडा साफ चुकला. भोपळा नाजूक, म्हणून तोच चहूबाजूंनी आवळून धरायचा असे मी योजले होते. पण ते तर वाळवलेल्या फळाचे कवच. दाब एका जागी आला की तडकणारच. धरायची ती दांडी. तिच्यासाठी खाच पाडलेले दोन आडवे ठोकळे केले, त्यांवर नमदा चिकटवला. भोपळ्याभोवती फोमचे सैलसर आळे. घोडीला आणि खुंट्यांना झाकणाचा स्पर्शही होता कामा नये. काटकोन जुळवण्यात मराठीच्या प्राध्यापकाचे तीन रविवार गेले, आणि शेजारच्या सुताराची चांगली करमणूक झाली.

आईने तारा थोड्या उतरवल्या. पूर्ण सोडल्या तर घोडी जागची हलते म्हणाली. मग तंबोरा आणवला तो गवसणीसकट. झाकण दीड बोट वर राहिले.

"गवसणी काढू या आई, आत फोम आहे."

"असू दे रे. तिच्याशिवाय तो कधी प्रवासाला गेला नाही. तेव्हाही ती होती म्हणून तड्यावर निभावलं."

तीसेक वर्षांत त्या प्रसंगाचा तिने केलेला हा पहिला उल्लेख. मी सुरी घेतली आणि आळ्यातला फोम तासायला बसलो.